दोन सह्यांमधले लग्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुमचे लग्न झाले आहे, याचा तुमच्याकडे पुरावा काय? प्रश्न जरा आगाऊ वाटेल, पण महाराष्ट्रातल्या एखाद्या घरात तो विचारून पाहा. कोणी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवील, कोणी अल्बम काढील, कोणी पिवळी पडलेली लग्नपत्रिका शोधू लागेल. घरात आजी असल्या तर गळ्यातले काळे मणी पुढे करतील आणि वर ऐकवतील, "अख्ख्या गावाने अक्षता टाकल्या, आणखी कसला पुरावा हवा?" हाच प्रश्न गोव्यात विचारला तर उत्तर वेगळे येते. घर हिंदू असो, ख्रिस्ती असो की मुसलमान, उत्तर एकच. अमुक तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात, अमुक सालच्या पुस्तकात आमच्या सह्या आहेत.

मी फोंड्यात वाढले, पुढे मडगावात इतिहास शिकवला. आपल्याकडच्या एखाद्या बाईला जुने पोर्तुगीज हस्ताक्षर वाचता येते, ही बातमी एकदा पसरली की माणसे कागद घेऊन दारात उभी राहतात. गेली तीस-पस्तीस वर्षे माझ्याकडे आलेल्या कागदांत सर्वांत जास्त कागद लग्नाचे होते. कोणाला आजोबांच्या लग्नाचा दाखला हवा असतो, कोणाला पणजीचे माहेरचे नाव. त्या निमित्ताने मी नोंदणीची पुस्तके पाहत गेले आणि लग्न या गोष्टीकडे मंडपातून पाहण्याऐवजी कार्यालयाच्या बाकावरून पाहण्याची सवय लागली.

गोव्यातली पद्धत बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते, म्हणून आधी ती सांगते. वधू-वरांनी तालुक्याच्या नागरी नोंदणी अधिकाऱ्यापुढे जायचे आणि आम्हाला लग्न करायचे आहे असे निवेदन द्यायचे. ही पहिली सही. त्यानंतर त्यांची नावे कार्यालयाच्या फलकावर लागतात. कोणाचा आक्षेप असेल तर त्याने पंधरा दिवसांत यावे. मुदत संपली, हरकत आली नाही, की दोघांनी साक्षीदार घेऊन पुन्हा जायचे आणि लग्नाच्या पुस्तकात सही करायची. ही दुसरी सही. कायद्याच्या लेखी लग्न लागते ते या दुसऱ्या सहीने. सप्तपदी, निकाह हे ज्याचे त्याने आपल्या सोयीने करावे.

माझ्या स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त भटजींनी मे महिन्यातला काढला होता. दुसरी सही एप्रिलमध्येच झाली. सासूबाई त्या दिवशी पेढे घेऊन आल्या, सगळ्यांना वाटले, पण मला घरी नेण्याचे नाव काढीनात! कायद्याने मी त्या घरची सून झाले होते आणि रात्री आईच्या हातचे हुमण-भात जेवत होते. गोव्यातल्या हजारो हिंदू मुलींनी हे चार-सहा आठवडे अनुभवले आहेत. कागदावर लग्न झालेले असते आणि घरात अजून रुखवताची तयारी चाललेली असते.

ख्रिस्ती जोडप्यांचा मार्ग थोडा निराळा. निवेदन त्यांनाही द्यावे लागते. हरकत आली नाही की नोंदणी अधिकारी ना हरकत दाखला देतो, आणि तो पाहिल्याशिवाय पाद्री लग्न लावत नाही. चर्चमध्ये लग्न लागल्यावर तिथल्या नोंदीचा उतारा कार्यालयात येतो आणि सरकारी पुस्तकात चढतो. अमेरिकेत लग्नाआधी 'मॅरेज लायसन्स' काढतात हे कळल्यावर आपल्याकडे लोक हसत असत. लग्न म्हणजे काय मोटार चालवायची आहे? गोव्यात या विनोदावर कोणी हसत नाही.

ही पद्धत आली कुठून? पोर्तुगीजांकडून, असे म्हणून विषय संपवता येतो. पण तिची मुळे पोर्तुगीज सरकारच्याही मागे जातात, आणि तीच मला महत्त्वाची वाटतात. मध्ययुगीन युरोपात गुपचूप लग्नांचा सुळसुळाट होता. मुलाने आणि मुलीने एकमेकांना शब्द दिला की लग्न झाले, असे चर्चही मानत असे. साक्षीदार लागत नसे, पाद्री लागत नसे. मग तो मुलगा एक दिवस म्हणायचा, मी कुठे शब्द दिला होता? आणि दुसरीशी राजरोस लग्न करून मोकळा व्हायचा. पहिलीने कोणाकडे दाद मागायची? तिच्याकडे पुरावा काय? यावर उपाय म्हणून ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये ठराव केला. लग्नाआधी ओळीने तीन सणांच्या दिवशी चर्चमध्ये दोघांची नावे जाहीर करायची, लग्न गावच्या पाद्रीपुढे आणि किमान दोन साक्षीदारांसमोर लावायचे आणि पाद्रीने ते एका पुस्तकात लिहून ठेवायचे. नोंदणी कार्यालयाच्या फलकावरची आजची पंधरा दिवसांची नोटीस म्हणजे त्या तीन रविवारांची नात आहे. ही सगळी यंत्रणा शब्द देऊन फिरणाऱ्या पुरुषाला आवर घालण्यासाठी जन्माला आली, एवढे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

गोव्यात १५६७ मध्ये पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि ट्रेंटचे नियम इथल्या चर्चना लागू झाले. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादीतल्या ख्रिस्ती घराण्यांचा माग अनेक पिढ्या मागे नेता येतो, तो या पुस्तकांमुळे. हिंदूंना मात्र या पुस्तकांत जागा नव्हती. उलट त्याच परिषदेच्या काळापासून जुन्या काबिजादीत हिंदूंच्या लग्नविधींवर पुन्हापुन्हा निर्बंध आले, आणि लोक नदी ओलांडून पलीकडच्या मुलखात जाऊन लग्ने लावू लागले. अशा लग्नाची नोंद कोण ठेवणार? त्यामुळे एकाच गावात शेजारीशेजारी राहणाऱ्या, कधीकाळी एकाच कुळातल्या दोन घरांपैकी ख्रिस्ती घराला आपल्या खापरपणजीच्या लग्नाची तारीख सांगता येते आणि हिंदू घराला तिचे नावही ठाऊक नसते. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले. या नव्या काबिजादीत धर्माच्या बाबतीत हात आखडता घेण्याचे शहाणपण त्यांना तोवर आले होते.

मग आली १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता. १८६९च्या हुकमाने ती वसाहतींना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. तिने लग्नाला करार म्हटले, पण जन्मभराचा करार. कॅथलिकांनी चर्चमध्ये लग्न करावे, इतरांनी नोंदणी अधिकाऱ्यापुढे, अशी वाटणी केली. हिंदूंच्या रीतिरिवाजांना मात्र सवलत ठेवली, आणि १८८० मध्ये त्यांचा वेगळा हुकूमच निघाला. त्यात दुसऱ्या बायकोची तरतूद आहे. पहिलीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झाले नाही, किंवा तीस वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरे लग्न करता येईल! गोव्यातला कायदा सर्वांना समान आहे असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. 'संमतीने' हा शब्द त्या काळच्या घरात कसा मिळवला जात असेल, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

खरा बदल झाला १९१० मध्ये. ५ ऑक्टोबरला लिस्बनमध्ये राजेशाही कोसळली, प्रजासत्ताक आले आणि नव्या सरकारने चर्चशी उभा दावा मांडला. नोव्हेंबरात घटस्फोटाचा कायदा आला आणि २५ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, विवाहाचा. तारीख मुद्दाम निवडली असावी असे मला नेहमी वाटते. या कायद्याने लग्न हा निव्वळ नागरी करार ठरला. तो जन्मभराचा असतो असे गृहीत धरायचे, पण घटस्फोटाने मोडता येतो. चर्चमध्ये काहीही करा, सरकारी अधिकाऱ्यापुढे सही नसेल तर लग्न नाही. पाठोपाठ १९११ मध्ये नागरी नोंदणीची संहिता आली. गोव्यात नोंदणीची ही व्यवस्था पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुळली. पुढे सालाझारच्या राजवटीत चर्चशी पुन्हा जुळले, आणि जानेवारी १९४६च्या हुकमाने चर्चमधल्या लग्नाला नागरी मान्यता मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याची किंमत अशी की अशा जोडप्यांना नागरी घटस्फोटाचे दार बंद झाले आणि त्यांनी चर्चच्या न्यायासनाकडे जावे असे ठरले. म्हणजे पुस्तक सगळ्यांना एक, पण त्यातून बाहेर पडण्याचे दरवाजे वेगवेगळे.

हिंदूंच्या दृष्टीने १९१० नंतरचा बदल केवढा मोठा होता, हे आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसे येत नाही. सरकारच्या दप्तरात त्यांची लग्ने आता इतरांच्याच पंक्तीला बसली. आणि ज्यांचे लग्नच लागत नसे, त्यांचे काय? गोव्यातल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत, भाविण कुळांतल्या मुलींचा 'शेंस' विधी होई. लग्नासारखा थाट असे, पण नवरा नसे. त्यांच्या मुलांच्या कागदावर बापाच्या जागी 'पाय इंकॉग्नितु', म्हणजे पिता अज्ञात, हे दोन पोर्तुगीज शब्द येत. गावात सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस कागदावर अज्ञात! विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत याच समाजातल्या माणसांनी शेंस बंद करा, मुलींची रीतसर लग्ने लावा, अशी चळवळ उभी केली. राजाराम रंगाजी पैंगीणकर हे त्यातले ठळक नाव. त्यांच्या आत्मकथेचे नावच 'मी कोण?' असे आहे. पुस्तकातल्या वधू, वर, दोघांचे आईबाप, साक्षीदार अशा रकान्यांपुढे मी जेव्हा जेव्हा बसते, तेव्हा मला या बायकांची आठवण होते. शेंस विधीला त्या पुस्तकात रकानाच नव्हता. लग्नाला होता. ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बापाचे नाव कोरे राहिले, तिथल्या मुलीने त्या पानावर पहिली सही केली असेल तेव्हा तिचा हात थरथरला असेल की नाही, ते पुस्तकावरून कळत नाही. शाईचा एखादा डाग तेवढा दिसतो.

पण बाईच्या दृष्टीने या सहीचे मोल नुसते अब्रूचे नाही. रोकडे आहे. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दुसऱ्या सहीबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा त्यात अर्धा-अर्धा वाटा धरला जातो. नवऱ्याच्या नावावरचे घर, बायकोच्या नावावरची कुळागराची बाग, सगळे. घर विकायचे तर नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही. मी एका जुन्या घराचे विक्रीखत पाहिले होते. भाऊ, बहिणी, त्यांच्या बायका, त्यांचे नवरे, मेलेल्या भावाची विधवा, तिची मुले, मुलांच्या बायका. सह्यांनी दोन पाने भरली होती. मुंबईचे वकील हे पाहून कपाळाला हात लावतात. मला मात्र तो कागद आवडतो, कारण आपल्याकडच्या जुन्या खतांत इतक्या बायका एका जागी सहसा सापडत नाहीत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज गेले, पण १९६२च्या कायद्याने त्यांचे चालू कायदे तसेच ठेवले गेले, आणि लग्नाचे पुस्तक त्यात आले. हिंदू विवाह कायदा गोव्याला लावला गेला नाही. वारसाहक्काचा भाग पुढे राज्याच्या स्वतःच्या कायद्यात आला. तो विधानसभेने २०१२चा म्हणून केला आणि २०१६च्या डिसेंबरात अमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. गोव्याचे अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात इतरत्र असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो. म्हणजे म्हापशाच्या पुस्तकातल्या एका ओळीचा हात दादरच्या फ्लॅटपर्यंत पोचतो.

आता शोधाविषयी, कारण अनेकांना तेच ऐकायचे असते. आजोबा-आजींच्या लग्नाची नोंद कशी शोधायची? तीन गोष्टी माहीत हव्यात: तालुका, अंदाजे साल आणि आजीचे माहेरचे नाव. तिसरी गोष्ट लोक विसरतात. हिंदू घरांत लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत. नातवंडांना आजी 'लक्ष्मी' म्हणून ठाऊक असते आणि पुस्तकात ती 'द्वारका' असते. मी एका कुटुंबाबरोबर तीन दिवस लक्ष्मी शोधत बसले होते. शेवटी त्यांच्या आत्याने फोनवरून माहेरचे नाव सांगितले आणि नोंद पाच मिनिटांत निघाली.

दुसरी अडचण लेखनाची. पोर्तुगीज कारकुनाने आपल्या नावांना आपल्या कानाने ऐकले आणि आपल्या लिपीने लिहिले. शेणै झाले सिनाय, प्रभू झाले पोरोबो, कामत झाले कामोतीं. पोर्तुगीजमध्ये 'श' हा उच्चार 'एक्स' या अक्षराने लिहितात, म्हणून शंकर, शांबा, शाबा ही मंडळी सूचीच्या पार शेवटी जाऊन बसतात. 'के' हे अक्षर त्यांच्या वर्णमालेत नव्हते. मग कृष्ण 'सी'खाली आणि केशव 'क्यू'खाली. आणि सर्वांत मोठा घोळ म्हणजे जुन्या पोर्तुगीज पुस्तकांच्या सूची पुष्कळदा आडनावावर नसतात, पहिल्या नावावर असतात. साष्टीतल्या एखाद्या चर्चची सूची उघडा. मारिया या नावाची पाने संपता संपत नाहीत. जुआंव, जुझे, फ्रान्सिस्कु यांचेही तेच. त्यातही कारकून कंटाळून नावे आखडती घेतात, फ्रान्सिस्कुची दोन-तीन अक्षरेच लिहितात. तिथे बापाचे नाव आणि वाडा हाच आधार.

वाचताना थोडे शब्द ओळखता आले तरी पुरते. 'काझामेंतु' म्हणजे लग्न. गोव्यातले ख्रिस्ती कोंकणीत लग्नाला 'काजार' म्हणतात, ते याच कुळातले. 'सोल्तेइरु' म्हणजे अविवाहित, 'व्हियुवा' म्हणजे विधवा, 'नातुराल दि' म्हणजे अमुक गावचा. मात्र नोंद वाचून झाली म्हणून पुस्तक मिटू नका. समास पाहा. पोर्तुगीज पद्धतीत जन्माच्या नोंदीच्या समासात पुढे त्या माणसाचे लग्न, घटस्फोट, मृत्यू टिपायची रीत होती. एखाद्या माणसाचे सगळे आयुष्य त्या दोन बोटांच्या पट्टीत तिरप्या अक्षरांत मावलेले असते. घरात कोणी कधी न बोललेले पहिले लग्न अशा समासातून बाहेर आलेले मी पाहिले आहे. तेव्हा नातवंडांना बरोबर घेऊन जाणार असाल तर मनाची तयारी ठेवून जा.

जुनी कागदपत्रे शोधायची तर पणजीचे पुराभिलेख आहे. या संस्थेचा इतिहासही मोठा. १५९५ मध्ये गोव्यात दप्तरखाना सुरू झाला आणि दियोगु दु कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. तिथे जाताना एवढेच ध्यानात असू द्या की गोव्याचा पाऊस आणि लोहाची शाई यांचे जुने वैर आहे. काही पानांवर शाईने कागदच खाल्ला आहे. अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोके आहेत.

आणि नोंद गोव्यात नसलीच तर? मग ती बहुधा मुंबईत आहे. बोटीवर, हॉटेलांत, बँडमध्ये काम करणारे गोवेकर मुंबईत धोबी तलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या 'कुडां'त राहत. त्यांतल्या अनेकांनी लग्नही तिथेच केले. ती नोंद भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चमध्ये नाही तर सोनापूरच्या चर्चमध्ये शोधायची, कारण ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चच्या लग्नांची दप्तरे राखली जात. गिरगावात राहणाऱ्या हिंदू गोवेकराची गोष्ट वेगळी. एकाच घरातला थोरला भाऊ फोंड्यात लग्न करतो, त्याची ओळ पुस्तकात सापडते. धाकटा गिरगावात कार्यालय घेऊन बार उडवून देतो, त्याचे काहीच सापडत नाही. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा झाला १९५३ मध्ये, १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने नोंदणी न केल्यास लग्न अवैध ठरत नाही असे सांगून लोकांना निवांत केले, महाराष्ट्राचा नवा कायदा १९९८चा. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले ते १४ फेब्रुवारी २००६ रोजी.

अलीकडे माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे डोळे लिस्बनकडे लागलेले असतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. त्यासाठी आजोबांचा जन्मच नव्हे, तर लग्नही लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत चढवावे लागते. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान डोलावून पुढचा कागद काढतो. ज्या आजीच्या नावाची घरात चाळीस वर्षे कोणी आठवण काढली नाही, तिच्या सहीसाठी आता नातवंडे उन्हात रांगेत उभी राहतात.

पण मला छळतात त्या न सापडणाऱ्या नोंदी. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या. नाव-गाव सांगत नाही. नवरा बोटीवर. एका कार्यालयात दोघांनी 'रजिस्टर लग्न' केले होते, घरी जेवण झाले होते, त्या सासरी नांदल्या होत्या, मूल शाळेत जात होते. त्यांना लग्नाचा दाखला हवा होता. मी आणि तिथल्या वयस्क कारकुनांनी त्या सालची सूची पाहिली, मागचे साल पाहिले, पुढचे पाहिले. काही नाही. मग त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तो निवेदनाचा होता. पहिल्या सहीचा. दुसऱ्या सहीच्या आधी बोटीवर रुजू होण्याची तार आली, सुट्टीत परत आल्यावर करू असे ठरले, आणि मग 'झालेच आहे की' म्हणून राहून गेले. म्हणजे निदान त्यांच्या बाजूने तरी ते राहून गेले होते. त्या दाखला शोधत होत्या, कारण नवऱ्याने दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या मुलीबरोबर दोन्ही सह्या केल्या होत्या.

कायद्याने तो माणूस एकदाच विवाहित होता, आणि या बाईशी नव्हता. घराच्या अर्ध्या वाट्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. कारकून मान खाली घालून सूचीची पाने उगाच उलटत राहिले. हा एकटा-दुकटा प्रकार नाही. गोव्यातल्या महिला संघटना कितीतरी वर्षे हे सांगत आल्या आहेत की पहिली सही म्हणजेच लग्न, असा समज मुलींचा आणि त्यांच्या आईबापांचा होतो, आणि काही पुरुष त्याचा फायदा घेतात. पहिल्या सहीच्या दिवशी नवे कपडे घालतात, फोटो काढतात, बाहेर येऊन पेढे वाटतात. मग पंधरा दिवसांनी पुन्हा कोण जातो? साडेचारशे वर्षांपूर्वी ट्रेंटच्या बिशपांना जो माणूस नकोसा झाला होता, शब्द देऊन नंतर कानांवर हात ठेवणारा, त्याला या दोन सह्यांच्या मधल्या फटीत पुन्हा जागा मिळाली आहे.

आक्षेपासाठी मुदत हवी, हे मला मान्य आहे. आधीचे लग्न लपवून आलेला माणूस फलकावरच्या नोटिशीमुळे पकडला जाऊ शकतो. पण पहिल्या सहीच्या कागदावर, सही जिथे करतात तिथेच, कोंकणीत आणि मराठीत ठळक अक्षरांत छापायला काय हरकत आहे, की हे लग्न नव्हे? अधिकाऱ्याने ते वाचून दाखवावे. मुदत टळून गेलेल्या जोडप्यांना, आणि विशेषतः वधूच्या पत्त्यावर, स्मरणपत्र जावे. यासाठी पोर्तुगीज संहिता बदलायची गरज पडेल असे मला वाटत नाही.

शिकवत होते तेव्हा शेवटच्या वर्षाच्या वर्गाचा एक तास मी यासाठी राखून ठेवत असे. मुली खिदळत, मुले मागच्या बाकांवरून काहीतरी बोलत. मी फळ्यावर दोनच तारखा लिहीत असे, पहिल्या सहीची आणि तिच्यापुढे पंधरा दिवसांनंतरची, आणि सांगत असे: मधल्या दिवसांत दागिने करा, पत्रिका छापा, काय हवे ते करा. सोळाव्या दिवशी साक्षीदार घेऊन कार्यालयात हजर व्हा, पुस्तकातले आपले नाव नीट वाचा, चुकले असेल तर तिथल्या तिथे सांगा, सही करा, आणि बाहेर पडण्याआधी उताऱ्यासाठी अर्ज देऊनच निघा.